सहाआसनी, हापूसच्या पेट्या आणि फेरीबोटीचा उतार : नोंद चौथी

बीमएनजी ड्राइव्ह या गाड्या चालवण्या-आपटण्याच्या संगणक खेळासाठी सहाआसनी रिक्षा बांधायचं काम चालू आहे. या खेळात गाडी नोड (वजन असलेले बिंदू) आणि बीम (त्यांना जोडणाऱ्या लवचीक दांड्या) यांची बनते. अलिबाग-पेणकडची मिनीडोर किंवा विक्रम डोळ्यांसमोर आणा, म्हणजे गाडी कळली. मागच्या नोंदीपर्यंत सांगाडा उभा होता. या खेपेला त्यात वजन भरलं.

“खेळात इबिशू पिजन आहेच की तीनचाकी, तिलाच टप चढवा” ही सूचना पुन्हा पुन्हा येते. पुढचं एकटं चाक कसं बांधतात ते बघायला पिजनची जेबीम फाइल (गाडीचे नोड-बीम लिहिलेली) जरूर उघडा. पण टप चढवून सहाआसनी होत नाही. मागे समोरासमोर बाकं, उंच छत, छतावर कॅरियर आणि पाठच्या पायरीवर लोंबकळणारे दोघं, हा सगळा प्रकार वजन कुठे बसतं याचा आहे. दिसणं शेवटी करा.

सध्याचे आकडे असे: चाकांमधलं अंतर पुढून मागे २.१ मीटर, मागच्या दोन चाकांत १.३ मीटर. रिकामी गाडी ७५० किलो, गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटर. ड्रायव्हर धरून सात माणसं, प्रत्येकी ६५ किलो, त्यांचा मध्य ९० सेंटिमीटरवर. म्हणजे एकूण १२०५ किलो आणि मध्य ६८ सेंटिमीटर. कॅरियरवर हापूसच्या दहा पेट्या. पाच डझनाची पेटी, फळ सरासरी २५० ग्रॅम धरलं तर १५ किलो आंबा, लाकूड-पेंढा मिळून १८ किलो. हे १८० किलो १.९५ मीटर उंचीवर चढले की मध्य थेट ८५ सेंटिमीटरवर जातो. प्रवासी, पेट्या आणि पायरीवरचे दोघं हे तीन वेगळे स्लॉट ठेवलेत, हवं ते काढता-घालता येतं.

एका माणसाचे ६५ किलो एकाच नोडमध्ये कोंबू नका. पहिल्याच गतिरोधकाला बाकाचे बीम वाकून माणूस फरशीतून खाली येतो. आठ नोड करा, चार बैठकीला, चार छातीच्या उंचीला. उलट टोकाची चूक टपाच्या सळ्यांत झाली होती. अर्ध्या किलोच्या नोडला पंधरा बीम जोडलेले, प्रत्येकाचा बीमस्प्रिंग (बीमचा ताठरपणा, न्यूटन प्रतिमीटरमध्ये) २० लाख. गाडी उतरवली रे उतरवली की टप थरथरून फुटायचा. खेळाचं भौतिक गणित सेकंदाला २००० पावलं टाकतं. त्या पावलात अर्ध्या किलोचा नोड एका दिशेने फार तर ८० लाख न्यूटन प्रतिमीटर ताठरपणा पेलतो, आणि पंधरा बीम मिळून एका दिशेला साधारण कोटभर पडत होता. नोड एक किलोचा केला, बीमस्प्रिंग ८ लाखांवर आणला, टप शांत. डॅम्प (बीमची थरथर शमवणारा आकडा) वाढवून हे झाकायला जाऊ नका, तोही एका मर्यादेपुढे स्फोटच घडवतो.

आता वळण. चाचणीसाठी १२ मीटर त्रिज्येचं घाटातलं वळण केलंय. तीनचाकी उलटते ती पुढचं चाक आणि बाहेरचं मागचं चाक जोडणाऱ्या तिरप्या रेषेवरून. मध्य पुढच्या चाकापासून ६५ टक्के मागे असेल तर त्या रेषेपर्यंत आडवं अंतर फक्त ४२ सेंटिमीटर मिळतं, चारचाकीला ६५ मिळालं असतं. त्यावरून प्रवासी भरलेली गाडी ताशी ३१ किलोमीटरला चाक उचलायला हवी आणि पेट्यांसकट २८ ला. वळणात ०.३ जी (गुरुत्वाकर्षणाच्या ०.३ पट) इतका ब्रेक दाबला तर पेट्यांची गाडी २५ लाच. खेळात याच्या आसपास चाक उचललं नाही तर टायरचं घर्षण तपासा: ते कमी पडलं की गाडी उलटायच्या आधी घसरते आणि चालवणाऱ्याला उगाच वाटतं, काय स्थिर गाडी आहे!

पुढचं चाक ताशी ४० च्या पुढे शेपटीसारखं हलत होतं. कारणं दोन. फोर्कचे नोड १.२ किलोचे, फार हलके, आणि चाकाचा जमिनीला टेकणारा बिंदू स्टिअरिंगच्या अक्षाखाली बरोबर येत होता. नोड २.५ किलोचे केले, बिंदू अक्षाच्या चार सेंटिमीटर मागे नेला. शिवाय डाव्या-उजव्या बाजूला चाक वळवणारा एकेक हायड्रो (लांबी बदलणारा बीम) दिला. एकाच बाजूला असला की गाडी हळूहळू तिकडे ओढते.

इंजिन १० अश्वशक्तीचं, मिनिटाला ३००० फेऱ्यांना सुमारे २४ न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर). घर्षणातला तोटा धरून दहाला एक चढावर १२०५ किलो ओढायचे तर ताशी १७ च्या वर जाणं शक्य नाही, आणि चाकाची त्रिज्या २५ सेंटिमीटर धरता एकूण गुणोत्तर १७ ला एक (इंजिनाच्या १७ फेऱ्यांना चाकाची एक) लागतं. दुसरा गिअर आधी १४ चा होता. चढावर तो दम सोडायचा आणि पहिल्यात टाकलं की ताशी १०. आता दुसरा १७ वर आहे. टॉर्कचा आलेख फुगवून हे सोडवता आलं असतं, पण मग ती सहाआसनी उरत नाही.

राहिली फेरीबोट. दाभोळ-धोपावे किंवा वेश्वी-बागमांडल्याला बोटीची फळी धक्क्यावर टेकते तसा भाग प्रॉप (खेळात ठेवायची सुटी वस्तू) म्हणून बांधलाय: बोटीकडचे नोड ‘फिक्स्ड’ (जागचे न हलणारे), फळी बिजागरीवर, कोन हायड्रोने. भरतीला फळी जवळजवळ सपाट, ओहोटीला सहाला एक. फळीवरच्या आडव्या पट्ट्या आधी खऱ्या उंचवट्याच्या केल्या होत्या, दोन सेंटिमीटरच्या. टायरचे नोड साधारण दहा सेंटिमीटरवर एकेक असल्याने पट्टी दोन नोडच्या मधे शिरायची आणि चाक अडकून बसायचं. टक्कर नोड आणि (तीन नोडमधल्या पृष्ठभागाचा) त्रिकोण यांच्यातच मोजली जाते, कडेशी कड कधी भिडत नाही. पट्ट्या आता फक्त चित्रात आहेत, पृष्ठभाग सपाट.

या उतारावर पायरीवरच्या दोघांचा खरा हिसका दिसतो. सपाटीवर पुढच्या चाकावर ३५ टक्के भार असतो. मागच्या चाकांच्या ६० सेंटिमीटर मागे १३० किलो उभे राहिले की २९, आणि सहाला एक चढावर २३. त्यात क्लच झटक्याने सोडला की चाक वळवलेलं असूनही गाडी सरळच जाते. ही चूक नाही, कृपया दुरुस्तीच्या यादीत टाकू नका.

यादीत खरोखर आहे ते एवढंच: फळीचा हायड्रो गाडी अंगावर असताना हलवला की बिजागरीचे बीम ताणून तुटतात. ते दुरुस्त होईपर्यंत फळी आधी टेकवा, मग गाडी चढवा.