हर्क्युलिस पोझीच्या वाटेने: फिलाडेल्फिया, माउंट व्हर्नन, न्यूयॉर्क

नकाशा पाहता जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या व्हर्जिनियातील माउंट व्हर्नन या मळ्यावरून निघून फिलाडेल्फियामार्गे न्यूयॉर्क गाठणे सोयीचे वाटते. तरीही वॉशिंग्टन यांचा गुलाम स्वयंपाकी हर्क्युलिस पोझी याची हकीकत समजून घ्यायची असेल, तर थोडी उलटसुलट धावपळ पत्करून सुरुवात फिलाडेल्फियापासूनच करावी.

तेथे सिक्स्थ आणि मार्केट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, लिबर्टी बेल या प्रसिद्ध घंटेच्या शेजारी, राष्ट्राध्यक्षांच्या तत्कालीन निवासस्थानाची जागा आहे. मूळ घर केव्हाच पाडले गेले असून आता उघड्यावर चौकटी व भिंती उभ्या आहेत, आणि त्यांतील एका भिंतीवर त्या घरात राबलेल्या नऊ गुलामांची नावे कोरली आहेत. 2007 च्या उत्खननात स्वयंपाकघराचा पाया आणि मुख्य घराकडे जाणारा भुयारी मार्ग सापडला. त्या उत्खननातील काही अवशेष काचेखाली पाहता येतात. घंटेपुढे रांग लावणारे बहुतेक जण येथे थांबतही नाहीत. याच घरात नावारूपाला आलेला हर्क्युलिस उरलेसुरले पदार्थ विकून वर्षाला शंभर-दोनशे डॉलर कमवी आणि संध्याकाळी उंची पोशाख करून शहरात फिरे. पेनसिल्व्हेनियाच्या 1780 च्या कायद्यामुळे परराज्यातील मालकाच्या गुलामाला सलग सहा महिने राहिल्यावर स्वातंत्र्य मागता येई. म्हणून वॉशिंग्टन मुदत भरण्याआधीच गुलामांना राज्याबाहेर पाठवीत. प्रवेश विनामूल्य आहे. मात्र जानेवारी 2026 मध्ये येथील माहितीफलक काढले गेले आणि प्रकरण न्यायालयात गेले, तेव्हा सध्याची स्थिती पाहूनच जावे.

माउंट व्हर्ननसाठी पूर्ण दिवस हाताशी ठेवावा. वॉशिंग्टन डी.सी.हून मेट्रोने हंटिंग्टनपर्यंत आणि पुढे बसने जाता येते. वाड्याच्या आतील फेरीची वेळ तिकीट काढतानाच ठरवावी. स्वयंपाकघर वाड्यापासून वेगळे, छत असलेल्या खांबांच्या वाटेने जोडलेले आहे. ते पाहताना हे ध्यानात ठेवावे, की 1796–97 च्या हिवाळ्यात हर्क्युलिसला चुलीपासून दूर करून माती खणण्याच्या कामाला जुंपले होते. 22 फेब्रुवारी 1797 रोजी, मालकाच्या पासष्टाव्या वाढदिवशी, तो येथून निसटला. वडील पुन्हा दिसणार नाहीत याचे दुःख होत असेल ना, असे एका परदेशी पाहुण्याच्या नोकराने विचारले, तेव्हा हर्क्युलिसच्या चिमुरड्या मुलीने उत्तर दिले, की ते आता मुक्त आहेत, म्हणून मला आनंदच आहे. ती आणि तिची भावंडे मात्र कस्टिस घराण्याच्या (वॉशिंग्टन यांच्या पत्नी मार्था यांच्या पहिल्या पतीच्या) मालमत्तेत मोडत असल्याने गुलामच राहिली. वॉशिंग्टन यांच्या समाधीजवळचे गुलामांचे स्मारक चुकवू नये.

न्यूयॉर्कमध्ये पाहण्यासारखे थोडेच आहे. हर्क्युलिस 15 मे 1812 रोजी क्षयाने तेथे वारला आणि क्रिस्टी स्ट्रीटवरील आफ्रिकन दफनभूमीत त्याला पुरले, हे 2019 मध्ये उजेडात आले. ती दफनभूमी पुढे हलवली गेली. तिच्या स्मरणार्थ जवळच म्फिंडा कलुंगा नावाची बाग आहे. सेकंड अव्हेन्यू स्थानकावरून तेथे चालत जाता येते, पण बाग ठरावीक वेळीच उघडी असते. सिटी हॉलजवळचे आफ्रिकन दफनभूमीचे राष्ट्रीय स्मारक याहून जुन्या, वेगळ्या दफनभूमीचे आहे. पत्ता शोधताना दोहोंची गल्लत करू नये.