राडारोडा गेटवरून परत आला त्याची गोष्ट

जुनं घर पाडायला चार दिवस लागले आणि राडारोडा घालवायला तीन आठवडे, यातच काय ते समजा.

पहिला ट्रक रिसायकलिंग प्लांटला पाठवला तर गेटवरूनच परत. का, तर वरच पांढरे तुकडे दिसले, सीलिंगचं पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस). "मिक्स माल चालत नाही." बस, एवढंच. अहो पण मिक्स म्हणजे काय, किती चालतं, कोणी धड सांगेना. वर फॉर्ममध्ये वजन टनात हवं, मी लिहिलं 'दोन ट्रक', तोही परत. दुसऱ्या दिवशी गेलो तर फॉर्म घेणारा साहेब जेवायला गेलेला, तिसऱ्या दिवशी म्हणे आधी माल वेगळा करा मग फॉर्म आणा. हे पहिल्याच दिवशी सांगता आलं नसतं का?

कारण शेवटी इंजिनियर मित्राने सांगितलं. पीओपी म्हणजे जिप्सम, त्यात सल्फेट असतं. प्लांटमध्ये राडारोडा फोडून खडी करतात, तीत पीओपी राहिलं आणि ती खडी नव्या काँक्रीटमध्ये गेली की ते काँक्रीट आतून फुगतं आणि तडे पडतात. म्हणजे गेटवाला बरोबरच होता, पण सांगायची रीत असते ना!

मग दोन माणसं लावून हाताने निवडत बसलो. त्यात पाऊस आला, पीओपी भिजून मऊ झालं आणि फावडं लावलं की चुरा थेट विटांत. म्हणून सांगतो, सीलिंग, वायरिंग, दारं-खिडक्या आधी उतरवा, भिंतीला घण नंतर. एकदा मिसळलं की संपलं.

वजनासाठी न फोडलेल्या, सलग काँक्रीटचा एक घनमीटर साधारण २.४ टन धरा. मी वहीत मांडलेला हिशोब आणि काट्यावरचं वजन जवळपास जुळलं, बायकोला दोनदा सांगितलं.

सळया भंगारात गेल्या. चुन्यातल्या विटा टोचून सुटल्या त्या ठेवल्यात, सिमेंटातल्या मात्र सांध्याआधी वीटच फुटते. प्लांटवरून तयार खडी आणून पार्किंगखाली भरली. काँक्रीटला वापरणार असाल तर आधी भिजवा, जुना मसाला चिकटलेला असतो, पाणी पितो.

आणि हो, जुने ॲस्बेस्टॉसचे पत्रे असतील तर फोडू नका, त्याचं काम माहीतगार माणसाकडेच द्या. हे खरं तर सगळ्यात आधी लिहायला हवं होतं.