तेलावीतली बेबिया, खिंकाली आणि मोदक

जॉर्जिया देशाच्या राजधानीत, तिबिलिसीत, पर्यटकाचं इंग्रजीवर निभावतं. पण काखेती प्रांतात, तेलावीत एका घरी मुक्काम ठरला, तेव्हा मी जॉर्जियन शिकायचं मनावर घेतलं. लिपी सोपी आहे. 33 अक्षरं, ना काना-मात्रा, ना जोडाक्षरं. उच्चार मात्र घाम काढतात. त्यात एक गोष्ट आपल्या पथ्यावर पडते: 'चाक' आणि 'चहा' यांतले दोन च, 'जाळं' आणि 'जीव' यांतले दोन ज जॉर्जियनमध्येही आहेत, आणि तिथे त्यांना वेगवेगळी अक्षरं आहेत.

घर एका आजींचं. तिकडे आजीला बेबिया म्हणतात, मीही तेच म्हणू लागले. खिडकीतून खाली आलाझानीचं खोरं, पलीकडे कॉकेशसची बर्फाळ रांग. पण माझा बहुतेक वेळ स्वयंपाकघरातच गेला. मोडकंतोडकं का होईना, पण मी त्यांच्या भाषेत बोलतेय म्हटल्यावर बेबियांनी लगेच परीक्षा घेतली: "बाकाकी त्स्कालशी कीकिनेब्स", म्हणजे बेडूक पाण्यात डरावतो. यातला क पार घशातून, तोडून काढायचा असतो. शेजारीण आली की तिच्यासमोर मला पुन्हा तेच म्हणायला लावायच्या, आणि दोघी टाळ्या द्यायच्या.

या भाषेवर त्यांचा जीव आहे, आणि त्याला कारण आहे. 1978 मध्ये सोव्हिएत राजवटीत राज्यघटनेतून जॉर्जियनचा राजभाषेचा दर्जा काढायचा घाट घातला गेला, तेव्हा 14 एप्रिलला तिबिलिसीत हजारो लोक, त्यात कितीतरी विद्यार्थी, रस्त्यावर उतरले आणि सरकारला माघार घ्यावी लागली. बेबिया तेव्हा तिथेच शिकत होत्या. सांगताना हातातलं लाटणं तसंच राहिलं होतं. मला सगळे शब्द कळले नाहीत, तरी मराठी माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

मग खिंकाली, म्हणजे सारण भरून पाण्यात उकडलेल्या तिकडच्या पुरचुंड्या. मी शाकाहारी, म्हणून सारण बटाट्याचं. कणीक चांगली घट्ट मळायची, पारी लाटायची, मधे सारण ठेवून कडेला एकावर एक चुण्या घालत वर देठ काढायचा. चांगल्या खिंकालीला निदान अठरा चुण्या हव्यात. माझी बोटं आपोआप मोदकाच्या कळ्या पाडू लागली आणि बेबियांनी मान वर करून पाहिलं. चुण्या मोजताना आकडे आले. जॉर्जियनमध्ये मोजणी विसांवर चालते: साठ म्हणजे तीन विसा, सत्त्याहत्तर म्हणजे तीन विसा आणि सतरा. माझी आजी आंबे असेच मोजायची, त्यामुळे पुस्तकात छळणारे हे आकडे ओट्याशी पटकन बसले. उकळत्या पाण्यातून काढलेल्या खिंकालीवर मिरपूड भुरभुरवून हातानेच खायचं. देठ ताटात उरतात, म्हणजे कुणी किती खाल्ल्या ते लपत नाही.

परतफेड म्हणून मी उकडीचे मोदक केले. तांदळाची पिठी आणि गूळ पुण्याहून नेला होता. नारळ नव्हता, म्हणून बेबियांच्या अंगणातले अक्रोड कुटून घातले. हळदीच्या पानाऐवजी चाळणीत द्राक्षाची पानं अंथरली. उकड मळताना बेबियांनी तिला बोट लावलं आणि चटका बसताच "वाइमे!" म्हणाल्या, म्हणजे आपलं 'अगं बाई'च. त्यांच्या पहिल्या मोदकाला चिरा गेल्या, कारण तांदळाची उकड गव्हाच्या कणकेसारखी ताणत नाही. तुपाचा हात लावायचा, एवढं सांगायला माझी जॉर्जियन पुरली. पुढचे मोदक माझ्याहून देखणे झाले. 'कळी' आणि 'तूप' हे शब्द त्यांनी पाठच करून टाकले. तूप म्हणताना त्यांचा त आणि प घशातून तुटून यायचे.

आता आमचं फोनवर बोलणं होतं. द्राक्षांची तोडणी, र्त्वेली, शरदात असते, तेव्हा ये म्हणाल्यात. दोऱ्यात ओवलेले अक्रोड पीठ घालून आटवलेल्या द्राक्षरसात बुडवून चुर्चखेला करायच्या आहेत. त्या रसाचे शब्द मी आत्तापासून घोकतेय. त्यांनी माझ्याकडे भाजणी मागितली आहे. विसर्जन झालं की निघायचा विचार आहे.