राणीच्या बागेत, पेंग्विन बघून झाल्यावर

नाताळच्या सुट्टीत बहिणीची दोन्ही मुलं नाशिकला आली आणि आल्या आल्या फर्मान सुटलं, "मावशी, पेंग्विन!" मग काय, सकाळची पंचवटी पकडून दादर गाठलं. पुढे धीमी लोकल. मुंबईकरांना यात काही वाटणार नाही, पण या दोघांची सहल तिथूनच सुरू झाली. परळ, करी रोड, चिंचपोकळी... धाकटा गाडीतल्या घोषणेबरोबर नावं घोकत होता. चिंचपोकळीला जो हसत सुटला तो भायखळा येईपर्यंत थांबेना.

स्टेशनच्या पूर्वेला बाहेर पडून थोडं चाललं की बाग येते. कागदोपत्री नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, पण टॅक्सीवाल्याला 'राणीची बाग'च सांगा. बुधवारी बंद असते, तेवढं लक्षात ठेवा.

पेंग्विन आधी उरकून घ्या, नाहीतर मुलं बाकी काही बघू देत नाहीत. सुट्टीत रांग मोठी असते आणि काचेपुढे फार वेळ रेंगाळू देत नाहीत. आत शिरताच धाकट्याने विचारलं, "बर्फ कुठंय?" बर्फ नाहीच. हे हम्बोल्ट जातीचे पेंग्विन, पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. त्यांना गारवा लागतो, हिमनग नव्हे. २०१६ मध्ये सोलहून आठ पक्षी आणले, त्यानंतर काही पिल्लं इथेच जन्मली. अशा मुंबईकर पिल्लांना मराठी नावं द्या, अशी मागणीही मध्यंतरी झाली होती. हे सांगितल्यावर धाकट्याने एका पिल्लाचं नाव तिथल्या तिथे 'चिंचपोकळी' ठेवून टाकलं.

बहुतेक कुटुंबं पेंग्विन आणि वाघ पाहून, आइस्क्रीम खाऊन बाहेर पडतात. मला ते पटत नाही. ही बाग १८६२ पासूनची आहे आणि मुळात ती झाडांची बाग. जुन्या गोरखचिंचेच्या बुंध्याला आम्ही तिघं हात धरून मिठी मारायला गेलो, तरी पुरे पडलो नाही. पाणघोड्याने मात्र निराशा केली. नाकपुड्या तेवढ्या वर ठेवून तो पाण्यात पडून होता.

दिवसाचा खरा मानकरी निघाला एक दगडी हत्ती. बागेला लागूनच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, त्याच्या बाहेर तो उभा आहे. हा मूळचा घारापुरीचा. बेटावर उतरलेल्या पोर्तुगीजांना हा दिसला आणि त्यांनी बेटाचं नाव एलिफंटा पाडलं. १८६४ मध्ये त्याला उचलून इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला, पण उचलताना तो खाली पडला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईतच राहिले आणि पुढे जोडून हत्ती या बागेत उभा केला गेला. थोरली चौथीत आहे. तिने हत्तीभोवती फिरून सांधे शोधायला सुरुवात केली. "म्हणजे तो पडला म्हणून वाचला?" तिने विचारलं. मी हो म्हटलं.

संग्रहालयाची इमारत १८७२ ची. पूर्वी याचं नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. १९७५ मध्ये भाऊ दाजींचं नाव दिलं. आत अल्बर्टसाहेबांचा पांढराशुभ्र पुतळा अजून आहे, मुलांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती रमली मातीच्या छोट्या बाहुल्यांत. जुन्या मुंबईतले लोक, त्यांच्या पगड्या, त्यांचे धंदे, सगळं हातभर उंचीच्या आत. कपाटं मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला येतात, त्यामुळे उचलून धरावं लागत नाही. पाठदुखी असलेल्या मावश्यांसाठी ही मोठीच सोय.

वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र त्याच दिवशी जोडू नका. तिथे हाताळायला, फिरवायला, ओढायला इतकं असतं की त्याला वेगळाच दिवस हवा, आणि मुलं निदान सात-आठ वर्षांची हवीत. आम्ही त्यापेक्षा दादरला उतरून प्रकाशमध्ये साबुदाणा वडा आणि पियूष घेतलं. तिथेही रांग होती, पण पेंग्विनपेक्षा भरभर सरकली.