22 जणींच्या देणगी गटाचं बँक खातं : माझा अनुभव

आमच्या गटाचं खातं एकदाचं उघडलं. कागद घेऊन पहिल्यांदा बँकेत गेलो तो दिवस १० फेब्रुवारी २०२५ आणि खातं चालू झाल्याचा मेसेज आला २७ मे ला. साडेतीन महिने. बरं आम्हाला कर्ज नको होतं, सबसिडी नको होती, स्वतःचेच पैसे गोळा करून दुसऱ्याला द्यायचे होते. अजून आठवलं की डोकं तापतं, पण विसरायच्या आत लिहून ठेवते, कारण हल्ली बऱ्याच ठिकाणी बायका असं काहीतरी सुरू करतायत आणि बहुतेक जणी ह्याच दाराशी येऊन अडकतात.

आम्ही डोंबिवलीच्या २२ जणी. काही लोकलच्या डब्यातल्या, काही सोसायटीतल्या, दोघी घरकाम करणाऱ्या, एक निवृत्त हेडबाई, एकीचं पाळणाघर आहे. २०२४ च्या संक्रांतीला ठरलं की वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे आणि गाळण्या वाटणं पुरे झालं, ते पैसे एकत्र करू आणि दर महिन्याला त्यात भर घालू. भिशीसारखंच, फक्त रक्कम कुणीच घरी न्यायची नाही. १०० पासून ५०० पर्यंत जिला जे झेपेल ते, महिन्याला साधारण सहा हजार जमतात. ते जातात मुरबाड तालुक्यातल्या मुलींच्या कॉलेजला. खेड्यातल्या मुलींना बारावीपर्यंत शाळा-कॉलेजला जायला एसटीचा पास फुकट मिळतो, अहिल्याबाई होळकर योजनेत, पण तेरावीला गेली की तो बंद, मग सवलतीचा का होईना पास काढावा लागतो, वर परीक्षा फी, पुस्तकं, आणि नेमकं तिथेच घरचे म्हणतात शिकलीस तेवढं पुष्कळ झालं. हे सगळं सुरळीत चाललं होतं, त्यावर जास्त लिहीत नाही.

पहिलं वर्ष पैसे पाळणाघरवाल्या ताईंच्या नावावर होते. त्यांनी त्यासाठी वेगळं सेव्हिंग खातं काढलं होतं, सगळ्या जणी गुगल पे करायच्या. एक दिवस त्याच म्हणाल्या, उद्या माझं काही बरंवाईट झालं तर हे पैसे कायद्याने माझ्या वारसांचे होतील, तुम्ही काय दाखवणार की हे गटाचे आहेत म्हणून? आम्ही गप्पच झालो. तेव्हा ठरलं की गटाच्या नावाने खातं हवं. सुरुवातीलाच हे करा, वर्षभर थांबू नका, ही माझी पहिली कळकळीची सूचना.

आता बँक. आमच्या जवळचीच शाखा, नाव लिहीत नाही.

पहिल्या फेरीला काउंटरवरच्या मॅडमनी विचारलं, बचत गट आहे का? म्हटलं नाही. बचत गटात साधारण १० ते २० जणी असतात, स्वतःसाठी बचत करतात, आपापसात कर्ज घेतात. आम्ही २२, आणि आमच्यात कुणी काही परत घेत नाही. मग ट्रस्ट आहे का? नाही. सोसायटी? नाही. मग तुम्ही आहात कोण? त्यांच्या स्क्रीनवर जी यादी होती त्यात आम्ही कशातच बसत नव्हतो. दोघी जणी अर्धा दिवस रजा टाकून गेलो होतो, हात हलवत परत आलो.

दुसऱ्या फेरीला सांगितलं रजिस्ट्रेशन करून आणा. त्याची आम्ही चौकशी केली. १८६० च्या कायद्याखाली संस्था काढायला किमान ७ माणसं लागतात, ती आमच्याकडे आहेत, पण मग धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, दरवर्षी हिशोब तपासणी, पदाधिकारी बदलला की चेंज रिपोर्ट. महिन्याच्या सहा हजारांसाठी हे सगळं करायचं म्हणजे अर्धी वर्गणी कागदपत्रांवरच जायची. तुमचा गट मोठा असेल, लोकांकडून देणग्या घेणार असाल, देणगीदाराला करसवलतीची पावती (तेव्हाचं कलम ८०जी) द्यायची असेल तर नोंदणी कराच, तिथे पर्याय नाही. आमच्यासारख्या आपल्याआपल्यात वर्गणी काढणाऱ्यांना ती सक्तीची नाही, असं आमच्यातल्या एकीच्या सीए भाचीने सांगितलं आणि एका कागदावर लिहून दिलं की बँकेला सांगा हे 'असोसिएशन ऑफ पर्सन्स' आहे, म्हणजे एका उद्देशासाठी एकत्र आलेल्या माणसांचा, नोंदणी नसलेला गट. हे तीन शब्द आधी माहीत असते तर पहिल्या दोन फेऱ्या वाचल्या असत्या.

तिसरी फेरी. शब्द बरोबर सांगितले, मॅडमना यादीत ते सापडलंही, आणि आता अडलं कुठे तर नावावर. आमच्या नावात शेवटी 'निधी' होतं. त्या म्हणाल्या निधी चालणार नाही, निधी म्हणजे कंपनी असते. कंपनी कायद्यात निधी नावाचा प्रकार आहे हे खरंच आहे, सभासदांकडून ठेवी घेऊन त्यांनाच कर्ज देणाऱ्या कंपन्या त्या. पण आम्ही तो शब्द घेतला होता महर्षी कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेच्या भाऊबीज निधीवरून. माझी आजी दिवाळीत घरोघर जाऊन त्या निधीसाठी पैसे जमवायची, रुपया-दोन रुपये, पावती फाडून द्यायची, तिची ती पावत्यांची वही मी लहानपणी हातात घेतलेली आहे. ओवाळणी म्हणून दिलेल्या त्या पैशांवर किती परक्या मुली शिकल्या. तो शब्द सोडताना माझा जीव खरंच हळहळला. पण सोडला. तुम्ही नाव ठेवाल तेव्हा निधी, फंड, बँक, ट्रस्ट, फाउंडेशन हे शब्द टाळा, साधं 'गट' ठेवा.

नाव बदललं म्हणजे ठराव नवा, सगळ्या २२ सह्या पुन्हा. हळदीकुंकवाला नाही इतकी धावपळ सह्यांना झाली, कुणी सातच्या लोकलला गाठायची, कुणी रात्री नऊला.

चौथ्या फेरीला पॅन मागितलं. व्यक्तीचं नाही, गटाचं. ह्यासाठी तेव्हा फॉर्म ४९ए होता, त्यात असोसिएशन ऑफ पर्सन्स वर टिक, आणि पुरावा म्हणून सभासदांमधला करारनामा लागतो. स्टँप पेपर आता ५०० चा घ्यावा लागतो, १०० चे दिवस गेले. करारात काय लिहायचं ते सांगते कारण आम्ही दोनदा केला: गटाचं नाव आणि पत्ता, उद्देश, वर्गणी सभासदांचीच आहे आणि ती कुणाला परत मिळणार नाही, सह्यांचे अधिकार कुणाला, सभासद सोडून गेली तर काय, आणि गट बंद झाला तर उरलेले पैसे कुठे जातील. हे शेवटचं आमच्या पहिल्या करारात नव्हतं. पॅनची फी तेव्हा १०७ रुपये होती, कार्ड अडीच आठवड्यांत पोस्टाने आलं, तिथे काहीच त्रास नाही.

(आणि हे मला फार उशिरा कळलं, की रिझर्व्ह बँकेच्या केवायसीच्या नियमात अशा नोंदणी नसलेल्या गटासाठी पॅन 'किंवा' फॉर्म ६० (पॅन नसेल तर त्याऐवजी भरून द्यायचा फॉर्म) असं स्पष्ट लिहिलेलं होतं. पॅन असलेलं चांगलंच, पण खातं त्यासाठी अडवून ठेवायची गरज नव्हती.)

पाचवी फेरी, एप्रिल. आता मॅडम म्हणाल्या २२ च्या २२ जणींचं आधार, पॅन, फोटो आणा, आणि प्रत्येकीने स्वतः येऊन सही करायची. आमच्या दोघी घरकामाच्या मैत्रिणींपैकी एकीकडे पॅन कार्डच नाही. तिला आम्ही काय सांगणार, कार्ड नाही म्हणून तू गटात नाहीस? त्या दिवशी मी बँकेत आवाज चढवला. चढवायला नको होता, त्याने काम होत नाही उलट फाइल आणखी खाली जाते. घरी येऊन मी रिझर्व्ह बँकेचा केवायसीचा नियम शोधून वाचला. अशा गटात ज्याचा हिस्सा १५ टक्क्यांपेक्षा जास्त आहे त्याला खरा लाभधारक मानून त्याची ओळख पटवायची, आणि तसं कुणीच नसेल तर मुख्य पदाधिकाऱ्याची. सोबत व्यवहार करणाऱ्यांची कागदपत्रं. आमच्यात सगळ्यात जास्त देणारी ५०० देते, सहा हजारात ५०० म्हणजे साडेआठ टक्के पण होत नाहीत. ते पान प्रिंट काढून, ओळी अधोरेखित करून, वर अर्ज लावून दिला आणि अर्जाच्या झेरॉक्सवर पोच घेतली. पोच घ्या, प्रत्येक वेळी घ्या. मी पहिल्या चार फेऱ्यांची घेतली नव्हती, त्यामुळे आम्ही फेब्रुवारीपासून येतोय ह्याला कागदावर पुरावाच नव्हता.

ह्या सगळ्यात गटाचं जे झालं ते मला जास्त लागलं. पैसे जमा होत होते आणि कुठेच जात नव्हते, कारण आम्ही ठरवलं होतं की आता नवीन खात्यातूनच चेक द्यायचे. मार्चमध्ये तिघींनी वर्गणी दिली नाही, एप्रिलमध्ये पाच जणींनी. ग्रुपवर मेसेज टाकला की नुसते अंगठे. मग एप्रिलच्या मीटिंगला एकीने सरळ विचारलं, पैसे नक्की आहेत कुठे? एकदम शांतता. पाळणाघरवाल्या ताई काही बोलल्या नाहीत, उठल्या, घरी गेल्या, समोरच्याच बिल्डिंगमध्ये राहतात, पासबुक घेऊन आल्या आणि सतरंजीवर मधोमध उघडून ठेवलं. त्याच सकाळी नोंदी करून आणल्या होत्या, शाई अजून गडद होती. एकीने मोठ्याने वाचायला सुरुवात केली, तारीख, नाव, रक्कम, जिचं नाव यायचं ती हो म्हणायची. पंधरा महिन्यांच्या नोंदी, पाऊण तास लागला. कुणी चहाला उठलं नाही. विचारणारी बाई शेवटी ताईंजवळ जाऊन बसली. पुढच्या महिन्यात थकलेली वर्गणी सगळ्यांची आली.

तेव्हापासून दर महिन्याच्या पाच तारखेला पासबुकाच्या पानाचा फोटो ग्रुपवर जातो, कुणी मागितला नाही तरी जातो. विचारणारीचा राग धरू नका. तिने विचारलं म्हणून गट टिकला, असं मला मनापासून वाटतं.

सहाव्या फेरीच्या आधी मॅडमची बदली झाली. नवीन साहेबांनी फाइल वाचली, नियमाचं पान वाचलं, ठरावावर आणि शिक्क्यावर इंग्रजी स्पेलिंग वेगळं आहे एवढं दाखवलं (शिक्केवाल्याने एक ए जास्त घातला होता, दुसरा शिक्का १५० रुपयांत तासाभरात झाला), आणि वीस मिनिटांत फॉर्म घेतला. वीस मिनिटं. आनंद झालाच, पण बाहेर येऊन मला रडू आलं. जे वीस मिनिटांत होतं त्यासाठी २२ बायकांचा एकमेकींवरचा विश्वास तीन महिने ताणला गेला होता.

आता बाकीचं, जसं आठवेल तसं.

सह्यांचे अधिकार तिघींना द्या, चेकवर कोणत्याही दोघींच्या सह्या. दोघींनाच दिले तर एक मुलीच्या बाळंतपणाला सहा महिने परदेशी गेली की सगळं ठप्प.

परदेशातून पैसे आले तर जपून. माझी नणंद अमेरिकेची नागरिक आहे, तिला दर महिन्याला पाठवायचे होते, घेतले नाहीत. परदेशी नागरिकाची देणगी एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) खालच्या नोंदणीशिवाय अशा कामासाठी घेता येत नाही. भारतीय पासपोर्ट असलेल्यांची गोष्ट वेगळी.

सीएला आधी भेटा. वर्षाला ५० हजारांच्या वर बिनमोबदला रक्कम जमली की आयकराचा प्रश्न निघू शकतो, म्हणून करारात वर्गणीबद्दल स्पष्ट लिहिलेलं बरं. आणि जिला करात सूट हवी तिने करसवलतीची मान्यता असलेल्या संस्थेला स्वतःच्या खात्यातून थेट द्यावं, म्हणजे देणगीचं प्रमाणपत्र तिच्या नावाने येतं. रोख दोन हजारांच्या वर दिले तर सूट नाही, आणि नवीन कररचनेत ती सूटच नाही.

पैसे मुलीच्या हातात न देता कॉलेजच्या नावाने चेक. फीपुरतंच हं. पासासाठी आणि पुस्तकांसाठी तिच्याच खात्यात, तिथे पावत्या मागत बसू नका, मुलीला ओशाळल्यासारखं होतं.

आणि मतदान. कुणाला द्यायचं ते आम्ही चिंचोक्यांवर ठरवतो, जितक्या मुलींचे अर्ज तितक्या वाट्या, प्रत्येकीला एकच चिंचोका, १०० देणारीलाही एक आणि ५०० देणारीलाही एक. ह्यावर सुरुवातीला वाद झाला होता. पण गेल्या वर्षी आमच्या घरकाम करणाऱ्या मैत्रिणीनेच सांगितलं, ती मुरबाडकडचीच आहे, की तुम्ही डिसेंबरात पैसे देता त्याचा उपयोग नाही, जूनमध्ये द्या, जूनमध्ये बियाणं-खतात घरातली रोकड संपलेली असते आणि ॲडमिशन पण तेव्हाच. आमच्यातल्या एकीलाही हे सुचलं नव्हतं. म्हणूनच मे मध्ये खात्यासाठी माझा इतका जीव चालला होता.

चेकबुक ९ जूनला आलं. पहिले चार चेक हेडबाईंनी लिहिले, अक्षरी रक्कम मराठीत, खाली ताईंची आणि माझी सही. तीन मुलींच्या फी भरल्या गेल्या, चौथीच्या कॉलेजचं नाव चेकवर अपुरं पडलं म्हणून तो परत आला, तो उद्या नवीन लिहायचाय. चेक लिहायच्या आधी कॉलेजच्या फी पावतीवरचं पूर्ण नाव बघून घ्या.