सतरा वर्षांचे सिकाडा आणि सफरचंदाची दोन कलमे

शिकागोच्या पश्चिमेकडील उपनगरात आमच्या घरामागे एक जुना ओक आहे आणि त्याच्यापासून थोड्या अंतरावर मी २०२३ च्या वसंतात सफरचंदाची दोन कलमे लावली. पुढच्याच वर्षी, म्हणजे २००७ नंतर प्रथमच, सतरा वर्षांचे सिकाडा (सतरा वर्षे जमिनीखाली वाढून मग एकदम बाहेर येणारे, कर्कश आवाज करणारे कीटक) येथील जमिनीतून वर येणार आहेत, याचा विचार मी लागवडीच्या वेळी करायला हवा होता. अशा वर्षाच्या तोंडावर कोवळी झाडे लावू नयेत, असेच आता मी सर्वांना सांगते.

जमीन वीतभर खोलीवर साधारण १८ अंश सेल्सिअसपर्यंत तापली की पिल्ले संध्याकाळी बाहेर येतात, जवळच्या खोडावर चढतात आणि कात टाकतात. २०२४ च्या मे महिन्याच्या उत्तरार्धात ओकखालची जमीन बोटाएवढ्या भोकांनी भरून गेली होती. पुष्कळ जण त्यांना टोळ समजतात, परंतु टोळांप्रमाणे हे कीटक पाने खात नाहीत. त्यामुळे टोमॅटो, वांगी किंवा फुलझाडे यांची काळजी करण्याचे कारण नाही.

खरे नुकसान मादी करते. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या फांदीत ती करवतीसारख्या अवयवाने चिरा पाडते आणि त्यांत अंडी घालते; एका मादीची अंडी चारशे ते सहाशेपर्यंत होतात. चिरलेल्या भागापुढचा शेंडा तपकिरी पडून वाळतो किंवा मोडून लोंबू लागतो. ओकसारख्या मोठ्या वृक्षाला ही हानी सहज सोसते. मात्र ज्याच्या जवळजवळ सगळ्याच फांद्या पेन्सिलीएवढ्या आहेत, त्या दोन-तीन वर्षांच्या झाडाचा आकारच त्यामुळे बिघडतो.

कीटकनाशक फवारावे, असे शेजारच्यांनी सुचवले होते आणि मी ते मानले नाही, याचे मला आजही समाधान वाटते. मारले त्याहून अधिक सिकाडा भोवतालच्या झाडांवरून उडून येत राहतात आणि फवारलेले कीटक खाणाऱ्या पक्ष्यांना मात्र धोका होतो. कोवळ्या झाडासाठी भरवशाचा उपाय जाळीचा. तिची भोके पाव इंचाहून, म्हणजे सुमारे सहा मिलिमीटरहून, मोठी नसावीत.

जाळी घालण्यातही माझी एक चूक झाली. पहिल्या कलमावर मी ती तंबूसारखी जमिनीपर्यंत सोडली होती. परिणामी खालच्या मातीतून निघालेले सिकाडा जाळीच्या आतच अडकले आणि त्यांना फांद्या आयत्या मिळाल्या. तिसऱ्या दिवशी ते ध्यानात आले, तेव्हा मी सगळे हाताने वेचून बाहेर काढले आणि जाळीचे तोंड सर्वांत खालच्या फांदीच्या खाली, खोडाभोवती, सुती पट्टीने बांधले. कीटक बाहेर पडल्यानंतर अंडी घालण्यास सुरुवात होईपर्यंत आठवडाभराचा अवधी मिळतो, म्हणून ही दुरुस्ती वेळेत झाली.

कढीपत्ता आणि मोगऱ्याच्या कुंड्या, ज्या एरवी मेमध्येच अंगणात जातात, त्यांच्या लाकडी फांद्यांतही चिरा पडू नयेत म्हणून त्या वर्षी जुलैपर्यंत खिडकीतच राहिल्या.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात नरांचा कर्कश आवाज थांबला आणि मी जाळ्या काढल्या. ओकचे शेकडो शेंडे वाळले होते, ते मी तसेच राहू दिले. सफरचंदाच्या पहिल्या कलमाच्या दोन फांद्यांवर चिरांची रांग दिसली, त्या मी निरोगी भागापर्यंत छाटल्या. दुसऱ्या कलमाला एकही चीर नव्हती.