आटलेल्या विहिरी कुठल्या हिशेबात धरायच्या?

जुलै संपत आला की आमच्या भागातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काठोकाठ भरलेल्या विहिरींचे फोटो यायला लागतात आणि खाली लगेच कोणीतरी टाकतंच, "यंदा पाण्याची काळजी मिटली." आनंद होतो, का नाही होणार. पण दर वर्षी मला वाटतं की त्याच शिवारातल्या ज्या विहिरींत झुडपं उगवलीत, ज्या अर्ध्या बुजवून टाकल्यात, त्यांचे पण फोटो टाका. कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, निपाणी आणि चिकोडीच्या मधल्या माळावरच्या गावांत अशा विहिरी हव्या तेवढ्या सापडतील. आमच्या आजोबांच्या काळी त्यांच्यावर मोट चालायची, मग डिझेल इंजिन आलं, मग मोटर आली, आणि आता तिथं कोणी वाकून बघत पण नाही.

हे समजून घ्यायचं तर आधी खाली खडक कसला आहे ते बघायला पाहिजे. चिकोडी, निपाणी, हुक्केरी, अथणी हा बहुतेक भाग काळ्या पाषाणावर बसलाय. (गोकाक, रामदुर्गकडं वालुकाश्म लागतो, तिकडचं गणित थोडं वेगळं.) अखंड काळा पाषाण पाणी धरत नाही, पाणी असतं ते वरच्या मुरमात, भेगांत, आणि लाव्हाच्या दोन थरांच्या मधे जो तांबडा किंवा भोकाभोकाचा पट्टा असतो तिथं. पंजाबात खाली शेकडो फूट वाळू आणि गाळ आहे तसं इथं काही नाही. आपल्या खडकाच्या 100 लिटर जागेत जेमतेम 1 ते 3 लिटर पाणी मावतं. 2 टक्के धरा, म्हणजे 20 मिलिमीटर पाणी जरी खाली मुरलं तरी पातळी 1 मीटर वर येते. म्हणून चांगल्या पावसात विहीर बघता बघता भरते, आणि जानेवारीत मोटरा सुरू झाल्या की तितक्याच वेगानं उतरते, कारण भांडंच लहान आहे. पावसाळ्यात विहीर भरली यावरून आपली परिस्थिती कळत नाही, ती कधी आटली आणि मे महिन्यात पाणी कुठं होतं त्यावरून कळते.

शेजारच्या मळ्यातले एक मामा हे सगळं एका वाक्यात सांगतात, "पाणी हाय की हिरीत, खरं मोटर पाऊण तास बी वडत न्हाई." पूर्वी त्याच विहिरीवर लाइट असेल तोवर मोटर चालायची. पातळीचा आकडा नसला तरी मोटर किती वेळ ओढते आणि रात्रीत पाणी परत किती चढतं, ही दोन मापं शेतकऱ्याजवळ कायम असतात, फक्त ती कुठं लिहून ठेवलेली नसतात आणि माणूस गेला की त्याच्याबरोबर जातात.

पाणी गेलं कुठं हे वेगळं सांगायला नको. निपाणीचा तंबाखू बराचसा पावसावर आणि जमिनीतल्या ओलीवर यायचा, त्याच्याबरोबर जोंधळा, भुईमूग, शाळू. आता माळावर पण ऊस आहे. 12 महिन्यांच्या उसाला साधारण 2000 मिलिमीटर पाणी लागतं, 1 एकरावर 1 मिलिमीटर म्हणजे 4000 लिटर, म्हणजे एका एकराला 80 लाख लिटर झाले, त्यातलं पावसानं दिलं तेवढं वजा करा, राहिलेलं सगळं विहिरीतनं, बोअरमधनं नाहीतर नदीवरच्या स्कीममधनं यायचं. मी ऊसवाल्यांना दोष देत नाही, आमच्या घरी पण ऊसच आहे. तंबाखूच्या दराची खात्री कधीच नव्हती, 1981 ला निपाणीत त्यासाठी केवढं मोठं आंदोलन झालं आणि गोळीबारात शेतकरी गेले. उसाला निदान कारखाना नेणार याची खात्री असते. त्यात 10 एचपीपर्यंतच्या पंपाला वीजबिल नाही, मग किती उपसलं हे मीटरवर पण कुठं दिसत नाही.

विहीर आटली की माणूस बोअर मारतो. पहिल्यांदा विहिरीच्या तळात आडवे बोअर, मग उभा, मग अजून खोल. पण खोलवरचं पाणी हे विहिरीचंच पाणी असेल असं नाही. वरचा मुरूम एका पावसाळ्यात भरतो, 400-500 फुटांवरच्या भेगांपर्यंत पाणी पोचायला किती तरी वर्षं लागू शकतात, आणि वरचा दगड अखंड असेल तर पोचतच नाही. शिवाय केसिंग, म्हणजे बोअरच्या वरच्या भागात बसवतात तो पाइप, नीट बसलं नाही तर वरच्या थरातलं पाणी बोअरमधनं खाली झिरपतं आणि शेजाऱ्याची चालती विहीर पण कोरडी पडते. गावात यावरून भावाभावांत बोलणं बंद झालेलं मी बघितलंय.

आता नदीकडं चला. कागवाड, उगार, अथणीचा कृष्णाकाठ. तिकडं उलटंच दुखणं आहे, वर्षानुवर्षं उसाला पाट भरभरून पाणी दिल्यामुळं काळ्या रानात पाणी वर आलं, जमिनी पाणथळ झाल्या, मग मीठ फुललं. सवळ-जवळ म्हणतात तेच. तिथं एकरी टनेज निम्म्यावर आलेली रानं आहेत, आणि ती सुधारायची तर जमिनीखालून सच्छिद्र पाइप टाकून पाण्याचा निचरा करावा लागतो, तो खर्च एकट्यादुकट्याला झेपत नाही. आता सांगा, एकाच जिल्ह्यात कृष्णाकाठचं पाणी वर चढलंय, माळावरचं खाली गेलंय, आणि तिकडं खानापुरात कणकुंबीला वर्षाला 3000 मिलिमीटरच्या पुढं पाऊस पडतो तर अथणीला 500-600 पण कधी कधी धड होत नाही. ह्या सगळ्याची सरासरी काढून "पातळी स्थिर" असं लिहिलं तर ते कुणाच्या रानातलं खरं?

आणि सरासरीत अजून एक गोष्ट दडलेली असते, तीच मला सगळ्यात जास्त महत्त्वाची वाटते. 2019 साली दक्षिण भारताच्या भूजलावर एक शोधनिबंध आला होता. निरीक्षण विहिरींचे, म्हणजे पातळी मोजायला ठरवून ठेवलेल्या विहिरींचे, आकडे बघितले तर पाणी सुधारतंय असं दिसत होतं, आणि गावात बघितलं तर विहिरी बंद पडत होत्या, बोअर खोल खोल जात होते. त्यांनी त्याचं एक मोठं कारण दाखवलं. कोरड्या पडलेल्या विहिरीला पातळीच नसते, त्यामुळं ती जागा रिकामी राहते, आणि सरासरी निघते ती ज्यांच्यात पाणी शिल्लक आहे तेवढ्याच विहिरींची. जितक्या जास्त विहिरी मरतील तितका आकडा बरा दिसणार!

केंद्रीय भूजल मंडळ वर्षातनं चार वेळा पातळी मोजतं, ते काम मोलाचं आहे. उपसा वार्षिक उपलब्ध पाण्याच्या 70 टक्क्यांपर्यंत असला तर तालुका सुरक्षित धरतात, 100 च्या वर गेला की अतिउपसा. पण एका तालुक्यात मोजायच्या विहिरी मोजक्याच असतात, त्यात निपाणी तालुका अगदी अलीकडं वेगळा झाला, त्याआधीचं सगळं चिकोडीच्या नावावर, म्हणजे आपल्या तालुक्याचे जुने आकडे वेगळे काढणं पण सोपं नाही. 2019 चंच बघा, मे महिन्यात कृष्णेचं पात्र कोरडं आणि ऑगस्टमध्ये महापूर, लोक म्हणाले आता पाच वर्षं बघायला नको. 2023 ला कर्नाटकात 236 पैकी 223 तालुके दुष्काळी जाहीर झाले.

म्हणून माझं म्हणणं आहे की गावानं स्वतःची वही ठेवावी. अवघड काही नाही. दोरीला वजन बांधायचं, कठड्यावर एक खूण करून कायम तिथनंच मोजायचं, सकाळी लाइट यायच्या आधी, मोटर चालू नसताना. मे मध्ये एकदा, नोव्हेंबरमध्ये एकदा. आणि कोरड्या विहिरीपुढं रेघ मारून सोडायची नाही, तिथं लिहायचं "कोरडी, तळ 45 फूट", म्हणजे पाणी 45 फुटांच्या खाली आहे एवढं तरी नक्की कळतं. बुजवलेली असेल तर वडीलधाऱ्यांना विचारून ती किती खोल होती आणि साधारण कुठल्या दुष्काळात सुटली ते लिहायचं, 1972 बघितलेली माणसं आज पण गावात आहेत, त्यांना सगळं आठवतं, पण किती दिवस.

बोअरचं तेवढं अवघड आहे कारण तोंडावर टोपी घट्ट असते, टेप आत जात नाही. तेव्हा नवीन बोअर मारत असाल तर मोटर सोडतानाच तिच्याबरोबर वजन सहज जाईल असा एक साधा पाइप खाली सोडून ठेवा आणि टोपीला त्याच्यापुरतं भोक ठेवा, वरून बूच लावलं की झालं. तेवढ्यातनं वजन आणि दोरी आत जाते. नंतर करायचं म्हणाल तर अख्खी मोटर वर ओढावी लागते, आणि त्यासाठी कोणी खर्च करत नाही.